सयाजीराव महाराज आणि त्यांची अडीच फुटी आगगाडी

बैल जुंपलेली आगगाडी कुणी ऐकली आहे काय? थट्टा वाटेल, पण ती या देशात खरोखर धावली आहे. सन १८६२ मध्ये बडोदे संस्थानातील डभोई गावापासून मियागामपर्यंत सुमारे वीस मैलांचे रूळ टाकले गेले. त्या रुळांवरून कापसाने भरलेले डबे बैल ओढीत नेत. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. हिंदुस्थानातील ही पहिली नॅरोगेज लाईन, आणि एखाद्या देशी संस्थानाने स्वतःच्या मालकीची म्हणून बांधलेली पहिली रेल्वेही हीच. ती बांधविणारे राजे म्हणजे खंडेराव गायकवाड. पुढच्याच वर्षी, ११ मार्च १८६३ रोजी, तिथून शेकडो मैल दूर नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कवळाणे नावाच्या खेड्यात, काशीराव गायकवाड या साध्या शेतकऱ्याच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव गोपाळराव. डभोईच्या रुळांचा आणि या मुलाचा काही संबंध येईल असे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आले नसेल. पण बारा वर्षांनी हा मुलगा खंडेरावांचा दत्तकपुत्र झाला आणि ती आगगाडी त्याला वडिलार्जित मिळकत म्हणून मिळाली.

सयाजीराव महाराजांचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले आहे. सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, डॉ. आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती, दिल्ली दरबार या गोष्टी सर्वांना ठाऊक असतात. रेल्वेचा उल्लेख आलाच तर एखाद्या ओळीत येतो. माझे घर बडोद्याच्या, म्हणजे आजच्या वडोदऱ्याच्या, फतेगंज भागात आहे आणि आजोळ इकडचे. दोन्हीकडच्या मंडळींना महाराजांबद्दल आदर आहे, पण त्यांच्या आगगाडीबद्दल विचारले तर फारसे कुणी बोलत नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे असेल, पण मला मात्र या राजाचा स्वभाव आणि कारभाराची रीत समजून घ्यायला त्याच्या रेल्वेसारखे दुसरे साधन दिसत नाही. म्हणून हे चरित्र मी रुळांच्या कडेकडेने सांगणार आहे.

प्रथम खंडेरावांविषयी. हे १८५६ साली गादीवर आले. शौकीन राजा म्हणून त्यांची ख्याती आहे. शिकार, कुस्त्या, जडजवाहीर यांवर त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला. लाखो मोत्यांची झूल म्हणावी असा जो जगप्रसिद्ध मोत्यांचा गालिचा, तो त्यांनीच तयार करविला. अशा माणसाला रेल्वे कशी सुचली? त्याचे उत्तर कापसात आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास बी.बी. अँड सी.आय. कंपनीची मोठी रेल्वे सुरतेकडून बडोद्यापर्यंत येऊन पोहोचली होती आणि मियागाम हे तिच्यावरचे ठिकाण होते. डभोईच्या काळ्या जमिनीतला कापूस मियागामपर्यंत पोहोचविला की पुढचे काम मोठी गाडी करणार. पावसाळ्यात या मुलखातल्या चिखलात बैलगाडीचे चाक आसापर्यंत रुतते. त्याच बैलांना रुळांवरचे डबे ओढायला लावले तर तेच जनावर कितीतरी अधिक ओझे नेईल, हा साधा हिशेब होता.

आता गेज म्हणजे काय ते थोडक्यात सांगणे भाग आहे. मोठ्या रेल्वेच्या रुळांत साडेपाच फुटांचे अंतर असते. ते अडीच फूट केले की पूल लहान, भराव अरुंद, डबे हलके, जमीन कमी आणि म्हणून खर्चही कमी. ग्लासगोच्या नील्सन कंपनीची लहान इंजिने या लाईनसाठी आणली गेली होती. परंतु रूळ यार्डाला अवघे तेरा पौंड वजनाचे! इंजिनाचा भार त्यांना पेलेना. आधी इंजिनाचे वजन पाहून मग रूळ घ्यायचे, की रूळ पाहून मग इंजिन, याचा मेळ न बसल्याचे हे उदाहरण आमच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात घालण्यासारखे आहे. इंजिने बाजूला राहिली आणि बैलच नियमाने काम करू लागले.

१८७० मध्ये खंडेराव वारले. त्यांच्या पश्चात महाराणी जमनाबाईंना कन्या झाली, म्हणून गादी खंडेरावांचे भाऊ मल्हारराव यांच्याकडे गेली. मल्हाररावांच्या कारकिर्दीबद्दल चांगले लिहिणारा लेखक विरळा. राज्यात अनागोंदी माजली, रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि एप्रिल १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले. हे सर्व खरे. तरीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. १८७३ साली डभोई–मियागाम लाईनचे हलके रूळ काढून जड रूळ घातले गेले आणि त्यावरून वाफेची गाडी नीट धावू लागली, ती याच मल्हाररावांच्या काळात. वाईट राजाच्या काळातही काही खात्यांतली माणसे आपले काम करीत असतात.

जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि गायकवाड कुळातील मुलांचा शोध सुरू झाला. कवळाण्याहून आलेल्या गोपाळरावांची निवड झाली आणि २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान होऊन त्यांचे नाव सयाजीराव ठेवले गेले. वय बारा. अक्षरओळख जवळजवळ नव्हती. गुरे राखणाऱ्या, शेतात राबणाऱ्या मुलाला एका दिवसात राजवाडा, हत्ती, भालदार-चोपदार यांच्यामध्ये आणून बसविले. दुसरा एखादा असता तर या वैभवातच बुडून गेला असता. सयाजीरावांना मात्र एफ. ए. एच. इलियट यांच्यासारखा कडक शिक्षक मिळाला. भल्या सकाळपासून रात्रीपर्यंत मराठी, गुजराती, इंग्रजी, इतिहास, गणित, व्यायाम, घोडेस्वारी असा क्रम. इतर मुले जे पहिल्या इयत्तेपासून शिकतात ते या मुलाने बाराव्या वर्षापासून सहा-सात वर्षांत भरून काढले. वयाच्या विसाव्या वर्षी परीक्षेच्या धास्तीने रडणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या अल्पवयाच्या काळात राज्याचा गाडा हाकला तो दिवाण सर टी. माधवराव यांनी. हे मूळचे तंजावरकडचे मराठी, कुंभकोणमचे. त्यांनी विस्कटलेली तिजोरी सावरली, न्यायखाते उभे केले, आणि रेल्वेही पुढे नेली. १८७९ साली डभोईपासून चांदोदला आणि बहादरपूरला फाटे गेले. चांदोद हे नर्मदेकाठचे मोठे तीर्थ. अमावास्या-पौर्णिमेला तिथे स्नानासाठी माणसांची रीघ लागते. म्हणजे कापसाच्या गाडीला आता यात्रेकरूही मिळाले. १८८० साली डभोईहून बडोद्याच्या गोयागेटपर्यंत आणि १८८१ साली गोयागेटहून विश्वामित्रीपर्यंत रूळ आले. त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ डिसेंबर १८८१ रोजी, सयाजीरावांनी राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे हाती घेतली. तेव्हा त्यांना अठरा वर्षे पूर्ण होऊन नऊ महिने झाले होते.

सयाजीरावांनी ही रेल्वे सुरू केली नाही, हे स्पष्टच आहे. तिचा पाया दुसऱ्याचा, दुरुस्ती तिसऱ्याची, पहिला विस्तार दिवाणांचा. पुष्कळ राजे असे असतात की मागच्याने सुरू केलेले काम टाकून देतात आणि आपल्या नावाचा नवा राजवाडा बांधायला घेतात. राजवाडा सयाजीरावांनीही बांधला, १८९० मध्ये पुरा झालेला लक्ष्मीविलास, आणि तो काही साधा नाही. पण त्याच १८९० साली बहादरपूरची लाईन पुढे बोडेलीपर्यंत गेली, आणंदपासून पेटलादपर्यंत रेल्वे आली, आणि तंत्रशिक्षणासाठी कलाभवन निघाले. राजवाड्याचे चित्र सर्व पुस्तकांत असते, बोडेलीच्या फाट्याचे नसते.

या राजाला रेल्वेची एवढी निकड का होती, हे बडोदे संस्थानाचा जुना नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. हे राज्य अखंड नव्हतेच. मधे बडोदे प्रांत, उत्तरेला कडी म्हणजे मेहसाणा, दक्षिणेला नवसारी, पश्चिमेला काठेवाडात अमरेली आणि अगदी टोकाला ओखा. आणि या तुकड्यांच्या मधे ब्रिटिश मुलूख किंवा दुसऱ्या संस्थानिकांची गावे. फाटलेल्या गोधडीचे चार तुकडे चार दोऱ्यांवर वाळत घालावेत तसे हे राज्य होते. अशा राज्यात हुकूम पोहोचायचा कसा, सारा गोळा व्हायचा कसा, दुष्काळात धान्य जायचे कसे?

महाराजांनी प्रत्येक प्रांतात त्या त्या जागेला शोभेल अशी लाईन घातली. मेहसाण्याजवळून राजपुतान्याकडे जाणारी मीटरगेज होती, म्हणून १८८७ साली मेहसाणा–वडनगर मार्ग मीटरगेज केला. आणंदला मोठी रेल्वे होती, म्हणून पेटलादचा फाटा ब्रॉडगेज. काठेवाडात सगळीकडे मीटरगेज, म्हणून अमरेली भागातही तीच. बडोदे आणि नवसारी प्रांतांत मात्र खंडेरावांचीच अडीच फुटी पुढे चालविली. १८९७ मध्ये ती विश्वामित्रीहून पादऱ्याला गेली. पुढे बोडेलीची लाईन छोटाउदेपूरला पोहोचली, जे तेव्हा स्वतंत्र संस्थान होते. दक्षिणेत कोसंब्याहून आणि बिलिमोऱ्याहून जंगलाकडे फाटे निघाले. एका संस्थानात तीन गेज! इंजिनिअराला हे विचित्र वाटेल. व्यापाऱ्याला वाटणार नाही. जिथे जो माल, जिथे जेवढी वर्दळ, तेवढेच भांडवल गुंतवावयाचे, हे तत्त्व त्यामागे मला स्पष्ट दिसते.

अर्थात या स्वस्ताईची किंमतही होती, आणि ती रोज मोजावी लागे. अडीच फुटी गाडीचा डबा साडेपाच फुटी रुळांवर जात नाही. म्हणून मियागामला आणि विश्वामित्रीला प्रत्येक गासडी, प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. हमालांच्या पाठीवरून ही अदलाबदल व्हायची. वेळ जायचा, मजुरी लागायची, माल फाटायचा, भिजायचा. रूळ टाकताना वाचविलेले पैसे अशा रीतीने पुढची शंभर वर्षे हप्त्याहप्त्याने परत द्यावे लागले. आपल्याकडे मिरज–कुर्डुवाडी–लातूर मार्गावर जी बार्शी लाईट रेल्वे होती, तीही अडीच फुटीच, आणि म्हैसूर संस्थानात कोलारकडेही याच मापाचे रूळ होते. तिथल्या जुन्या माणसांना ही हमाली आठवत असेल.

या लाईनींचा आणखी एक अर्थ आहे, तो पैशाच्या पलीकडचा. बडोद्याच्या मुलखातून जाणारी जी मोठी रेल्वे, तिच्या पट्टीवर हुकूमत ब्रिटिशांची. म्हणजे महाराजांच्या राजधानीच्या स्टेशनात फलाटावर गुन्हा घडला तर तो महाराजांच्या न्यायाखाली येत नसे. आमचे फतेगंज हा तर जुना कॅम्प, म्हणजे इंग्रजी छावणीचा भाग. त्या रस्त्यांवरही सत्ता त्यांचीच. स्वतःच्या राज्यात वावरताना राजाला अशा परक्या पट्ट्या ओलांडाव्या लागत. गोयागेटहून डभोईकडे जाणारी मंदगतीची लहानशी गाडी त्यामानाने त्यांच्या घरची होती. सुरुवातीस तीही चालविण्याचे काम बी.बी. अँड सी.आय. कंपनीकडेच होते, मालकी मात्र संस्थानची. पहिल्या महायुद्धानंतर संस्थानने कारभारही आपल्या हातात घेतला. १९१९ साली गोयागेटला कारखान्याची कोनशिला बसली. इंजिने आणि डबे दुरुस्त करण्याचे काम आता बडोद्यातच, बडोद्याच्या माणसांच्या हातांनी होणार होते. १८६३ साली नील्सनचे इंजिन आणून ते रुळांवर चालवता न आलेल्या राज्याने छप्पन्न वर्षांत मारलेली ही मजल आहे.

या छप्पन्न वर्षांतल्या बाकीच्या गोष्टी वाचकांना माहीत असल्यामुळे मी भराभर सांगतो. १८९३ साली अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्यात लागू झाला. १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा कायदा आला. २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. आमच्या शाखेच्या विद्यार्थ्यांनी ही तारीख पाठ करावी. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे तज्ज्ञ बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणले, आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. १८८७ पासून महाराज वारंवार परदेशी जात. प्रकृतीसाठी जात, पण तिथली शाळा, संग्रहालय, कारखाना पाहिल्याशिवाय राहत नसत. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात बादशहांना ठरल्याप्रमाणे मुजरा न करता एकदाच मान लववून ते पाठ फिरवून चालते झाले, त्यावरून विलायतेत केवढा गहजब उडाला! महाराजांना दिलगिरीचे पत्र लिहावे लागले. ते पत्र लिहिताना त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

घरातली सुखे मात्र त्यांना फारशी लाभली नाहीत. पहिल्या महाराणी चिमणाबाई, तंजावरच्या, १८८५ मध्ये वारल्या. थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव १९०८ मध्ये गेले. पुढे शिवाजीराव आणि जयसिंहराव हे दोघेही तरुणपणीच गेले. रेल्वेच्या हिशेबात तूट आली तर पुढच्या वर्षी भरून काढता येते, हे नुकसान कशाने भरायचे? राजवाड्याच्या आवारात घरच्या मुलांसाठी एक खेळण्यासारखी चिमुकली आगगाडी होती. तिचे लहानसे इंजिन फत्तेसिंह संग्रहालयाच्या दाराशी पाहायला मिळते. ते पाहताना मला या गेलेल्या मुलांची आठवण होते.

इथे एक कटू प्रसंग सांगितला पाहिजे. महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी ते सप्टेंबर १९१७ मध्ये आगगाडीने बडोद्याच्या स्टेशनात उतरले. त्यांना राहायला जागा मिळेना. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन त्यांना बाहेर काढले. कमाटीबागेत एका झाडाखाली बसून त्यांनी वेळ काढला आणि मुंबईची गाडी पकडली. ज्या राजाने अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, जगातले सर्वोत्तम शिक्षण द्यायला पैसे दिले, त्याच्याच राजधानीत हे घडले. रेल्वेच्या डब्यात जात पाळणे अवघड झाले होते. स्टेशनाबाहेरच्या गल्लीत ती जशीच्या तशी होती. हुकूम काढून रूळ टाकता येतात, माणसांची मने तशी सरळ करता येत नाहीत, हे महाराजांना या घटनेने कळले असणार. आणि त्यांच्या प्रशासनानेही त्या दिवशी त्या तरुणासाठी एक खोली मिळवून दिली नाही, हे विसरता येत नाही.

महाराजांवर टीकाही झाली आहे. वर्षाचे कित्येक महिने ते परदेशी असत, कारभार टपालाने आणि तारेने चाले. घराण्याचा खर्च भारी होता. जंगलाकडे गेलेल्या लाईनींनी तिथले साग बाहेर आले, व्यापाऱ्यांचे आणि तिजोरीचे भले झाले. त्या जंगलात राहणाऱ्या आदिवासींचे किती झाले, हा प्रश्न त्या काळच्या जमाखर्चात विचारला गेला नाही. आपण विचारायला हरकत नाही. उलट बाजूला हेही लिहिले पाहिजे की १९३६ च्या हीरकमहोत्सवात त्यांनी खेड्यांच्या सुधारणेसाठी एक कोटी रुपयांचा निधी जाहीर केला. कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा साठ वर्षे राजा होऊनही पुरता बुजला नव्हता.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीराव महाराजांचे निधन झाले. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. गोयागेट स्टेशनला पुढे त्यांच्याच नावावरून प्रतापनगर हे नाव मिळाले. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानची रेल्वे बी.बी. अँड सी.आय. मध्ये गेली आणि १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेचा भाग बनली. लालबागेतला प्रतापविलास राजवाडा १९५२ पासून रेल्वे अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे केंद्र आहे. राजवाड्यात रेल्वे शिकवली जाते, यात मला एक प्रकारचा न्याय दिसतो.

आणि ती अडीच फुटी? डभोई हे आशियातले सर्वांत मोठे नॅरोगेज जंक्शन म्हणून नावाजले गेले. वाफेची इंजिने गेली, डिझेलची आली. मग ब्रॉडगेजचे काम निघाले. छोटाउदेपूरची लाईन मोठी झाली, चांदोदची मोठी होऊन जानेवारी २०२१ मध्ये पुढे केवडियापर्यंत गेली. याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला त्यांचे म्हणणे अर्धेच पटते. छोटाउदेपूरच्या माणसाला दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी वडोदऱ्याला लवकर पोहोचायचे असते. आपल्याला जुनी गाडी गोड वाटते म्हणून त्याने अर्धा दिवस डब्यात बसून राहावे, असे म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. स्वतः महाराज असते तर त्यांनी हिशेब मांडून लाईन मोठीच केली असती.

परंतु सगळीच मोठी करावी किंवा उखडावी असेही नाही. युरोपात वेल्स प्रांतात टॅलिलिन नावाची एक नॅरोगेज रेल्वे आहे. ती १८६५ ची, म्हणजे आपल्या डभोईच्या लाईनपेक्षा तीन वर्षांनी धाकटी. पाटीच्या दगडाच्या खाणींसाठी बांधलेली. खाण संपली, मालक वारला, लाईन मोडीत निघायची वेळ आली, तेव्हा १९५० साली काही हौशी लोकांनी संस्था काढली आणि १९५१ पासून स्वयंसेवकांच्या हातांनी ती चालवायला घेतली. कारकून, शिक्षक, पेन्शनर असे लोक सुटीच्या दिवशी येतात आणि रूळ ठोकतात, कोळसा टाकतात, तिकिटे विकतात. जगातली अशी ही पहिली रेल्वे. १८६४ चे तिचे इंजिन अजून तिच्याकडे आहे. तिकडेच वेल्शपूलला बरोबर अडीच फूट मापाची, बंद पडलेली लाईन स्वयंसेवकांनी १९६३ मध्ये पुन्हा चालू केली. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर जुन्या रेल्वेला सर्वांत जड जाणारा खर्च म्हणजे मजुरी. तीच फुकट मिळाली की तोट्यातली लाईनही तग धरते.

आपल्याकडे असे कुणी नाही. जे काही जतन होते ते रेल्वे खातेच करते. प्रतापनगरला हेरिटेज पार्क आहे, नॅरोगेजची जुनी इंजिने तिथे रंग देऊन उभी केलेली आहेत. उभे केलेले इंजिन पाहण्यासारखे असते खरे, पण तेलपाणी करणारा, वाफ किती चढली ते कानाने ओळखणारा माणूस एकदा निवृत्त झाला की ती विद्या फलकावर लिहून उरत नाही. २०१८ मध्ये रेल्वेने गुजरातमधील पाच नॅरोगेज मार्ग, मिळून सुमारे दोनशे किलोमीटर, वारसा म्हणून राखण्याचे ठरविले. त्यांत खंडेरावांची डभोई–मियागाम होती आणि सयाजीरावांच्या काळातली बिलिमोरा–वघईही होती. पुढे दोनच वर्षांत, डिसेंबर २०२० मध्ये, तोट्याचे कारण दाखवून बिलिमोरा–वघई कायमची बंद करण्याचा हुकूम निघाला. डांगकडच्या लोकांनी विरोध केला. ती गाडी त्यांना बाजारासाठी, मजुरीसाठी, नातेवाइकांकडे जाण्यासाठी लागत होती. तिकीट अगदी थोडे होते, आणि दुसरे वाहन परवडणारे नव्हते.

हुकूम मागे घेण्यात आला. ४ सप्टेंबर २०२१ रोजी बिलिमोऱ्याहून गाडी पुन्हा सुटली. त्रेसष्ट किलोमीटरचा मार्ग, सागाच्या जंगलातून, अंबिका नदीच्या खोऱ्यातून. पर्यटकांसाठी मोठ्या काचांचा एक वातानुकूलित डबा तिला जोडला होता. मागचे डबे नेहमीचेच होते, आणि त्यांत टोपल्या घेऊन बाजाराला निघालेल्या बायका बसल्या होत्या.